बावीस अक्षरांचा हिशेब

इतिहास म्हटला म्हणजे स्वाऱ्या, तहनामे आणि दफ्तरे डोळ्यांपुढे येतात. प्रयोगशाळांनाही इतिहास असतो, आणि त्यातही कागद वाचण्याचे, जुळविण्याचे व पारखण्याचे काम इतिहाससंशोधनाइतकेच चिकाटीचे असते. अशाच एका प्रकरणाचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत. सूक्ष्म-आरएनए ह्या चिमुकल्या रेणूंचा शोध कसा लागला, कर्करोगाशी त्यांचे नाते कसे उघड झाले, आणि ह्या कामात संगणकाने नेमके काय केले व काय केले नाही, हा आमचा विषय आहे. कर्करोग आज बहुतेक घरांच्या परिचयाचा झाला आहे; तेव्हा हा विषय केवळ तज्ज्ञांपुरता राहिलेला नाही.

आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा तोच संच असतो. तरी डोळ्याची पेशी आणि यकृताची पेशी सर्वस्वी निराळ्या. कोणते जनुक कोठे, केव्हा आणि किती कामास लागते, ह्यावर हा फरक अवलंबून असतो. जनुकातील मजकुराची एक नक्कल निघते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. आमची सारी उमेद शासकीय नोकरीत गेली, म्हणून आम्हांस हे असे दिसते की मूळ आदेश दफ्तरात राहतो, त्याची प्रत बाहेर जाते आणि प्रतीवरून अंमल होतो. नियंत्रण असेल ते मुख्यत्वे प्रत काढण्याच्या टप्प्यावर, अशी दीर्घकाळ समजूत होती. प्रत निघाल्यानंतरही अंमल थांबतो आणि तो थांबविणारा तुकडा अवघ्या बावीस अक्षरांचा असू शकतो, हे १९९३ मध्ये जगापुढे आले.

त्याची कथा एका कृमीपासून सुरू होते. सिडनी ब्रेनर यांनी इंग्लंडमधील केंब्रिज येथे १९६० च्या दशकात सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक कृमी अभ्यासासाठी निवडला. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत व्हिक्टर ॲम्ब्रॉस आणि गॅरी रुव्हकुन हे दोन तरुण संशोधक ह्याच कृमीवर काम करीत होते. लिन-४ हे जनुक बिघडले की कृमी बाल्यावस्थेचेच टप्पे पुन:पुन्हा गिरवीत राहतो. लिन-१४ बिघडले तर नेमके उलटे होते. दोघांनी पुढे आपापल्या प्रयोगशाळा उभारल्या आणि एकेक जनुक वाटून घेतले. ॲम्ब्रॉस, रोझलिंड ली आणि रोंडा फाइनबॉम यांस आढळले की लिन-४ प्रथिन मुळी बनवीतच नाही. त्यातून निघतो तो बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. इकडे रुव्हकुन, ब्रूस वाइटमन आणि इल्हो हा यांस दिसले की लिन-१४ चा संदेश निघतो, परंतु त्यावरून प्रथिन बनणे पुढे थांबते. जून १९९२ मध्ये ॲम्ब्रॉस व रुव्हकुन यांनी आपापल्या अक्षरमालिका एकमेकांस कळविल्या. लिन-१४ च्या संदेशाच्या शेपटात लिन-४ च्या तुकड्याशी जुळणाऱ्या तब्बल सात जागा होत्या. ह्या जुळणीला मोठे यंत्र लागले नाही. दोन कागद शेजारी आले, एवढेच पुरे झाले. दोघांनी आपली माहिती प्रसिद्धीपूर्वी राखून ठेवली असती, तर ही गोष्ट किती काळ अंधारात राहिली असती कोण जाणे.

१९९३ च्या डिसेंबरात 'सेल' ह्या नियतकालिकात दोन्ही निबंध लागोपाठ प्रसिद्ध झाले. परंतु तो एका कृमीचा खाजगी मामला मानला गेला. सात वर्षांनी, २००० मध्ये, रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळेत लेट-७ हा दुसरा असाच तुकडा सापडला. तोवर अनेक प्राण्यांच्या जनुकसंचाचे वाचन चालू होते. त्या नव्या मजकुरात शोध घेता लेट-७ माशीत आढळला आणि माणसातही आढळला. आता प्रकरण कृमीपुरते राहिले नाही. २००१ मध्ये तीन प्रयोगशाळांनी असे डझनावारी तुकडे नोंदवले आणि 'मायक्रोआरएनए' हे नाव रूढ झाले.

कर्करोगाशी संबंध लगेचच, २००२ मध्ये जुळला. प्रौढांना होणाऱ्या एका रक्तकर्करोगात तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा वारंवार गहाळ झालेला दिसे. तेथे प्रथिन बनविणारे दोषी जनुक असणार, ह्या अपेक्षेने अनेकांनी वर्षानुवर्षे शोध घेतला होता. जॉर्ज कॅलिन आणि कार्लो क्रोचे यांच्या गटास तेथे मिर-१५ व मिर-१६ हे दोन सूक्ष्म-आरएनए सापडले आणि सुमारे दोनतृतीयांश रुग्णांत ते गहाळ किंवा क्षीण झालेले आढळले. २००५ मध्ये त्याच गटाने दाखविले की हे दोघे बीसीएल-२ ह्या प्रथिनाला आवर घालतात. हे प्रथिन पेशीला मरू देत नाही. आवर घालणारा गेला की जगू नये ती पेशी जगत राहते. ह्याच प्रथिनाला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध स्वतंत्र संशोधनातून आले आणि २०१६ मध्ये अमेरिकेत ह्याच रक्तकर्करोगासाठी मान्य झाले. २००५ मध्येच फ्रँक स्लॅक यांच्या गटाने लेट-७ हा रास ह्या कुप्रसिद्ध कर्कजनुकास दाबून ठेवतो, असे सिद्ध केले.

येथून संगणकाची गरज तीव्र झाली. एक सूक्ष्म-आरएनए कोणकोणत्या जनुकांस दाबतो, हे एकेक प्रयोग करून शोधावयाचे तर आयुष्ये पुरणार नाहीत. जुळणीत सुरुवातीची सहा-सात अक्षरेच निर्णायक ठरतात, असे लक्षात आले. त्यांस बीजभाग म्हणतात. मात्र येथे एक साधा हिशेब आडवा येतो. आरएनएची अक्षरे चार. म्हणून सहा अक्षरांची एखादी मालिका सरासरी दर ४,०९६ अक्षरांमागे एकदा केवळ योगायोगाने येणारच. वीस हजार संदेश आणि प्रत्येकाचे शेपूट हजार अक्षरांचे धरले, तर सुमारे पाच हजार जुळण्या निव्वळ योगायोगाच्या! मग खरी कोणती? बेंजामिन लुइस, क्रिस्टोफर बर्ज आणि डेव्हिड बार्टेल यांनी २००३ मध्ये 'टार्गेटस्कॅन' ही पद्धत मांडली. बीजाची लांबी त्यांनी सात अक्षरे धरली आणि जी जुळणी मानव, उंदीर व घूस यांच्यात कोट्यवधी वर्षे टिकून राहिली, तिलाच अधिक वजन दिले. आमच्या मते ह्या निबंधाचे खरे मोल त्याच्या पुढच्या पायरीत आहे. यादीतील पंधरा नावे निवडून त्यांनी प्रयोगाने तपासली. अकरांस पुष्टी मिळाली. उरलेली चार त्यांनी लपविली नाहीत. २००९ पर्यंत ह्याच मार्गाने असा अंदाज निघाला की माणसाच्या प्रथिन बनविणाऱ्या निम्म्याहून अधिक जनुकांवर सूक्ष्म-आरएनएंचा अंकुश असावा.

२००५ मध्ये टॉड गोलब यांच्या गटाने ३३४ नमुन्यांतील २१७ सूक्ष्म-आरएनएंची मोजणी केली. ज्या गाठींचे मूळ सूक्ष्मदर्शकाखाली ओळखणे अवघड होते, अशा सतरांपैकी बारांचे निदान ह्या मोजणीवरून बरोबर आले. हजारो संदेशवाहक आरएनए मोजूनही एकच बरोबर आले होते. २००६ मध्ये अमेरिकेत कर्करोग जनुकसंच नकाशा हा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून ३३ प्रकारच्या कर्करोगांतील अकरा हजारांहून अधिक रुग्णांची मोजमापे उपलब्ध झाली. आता घरबसल्या हिशेब मांडता येऊ लागला: अमुक सूक्ष्म-आरएनए वाढला की तमुक जनुकाचा संदेश घटतो, म्हणून पहिला दुसऱ्यास दाबतो. येथे सावध राहावे लागते. ज्या तालुक्यात पाण्याचे टँकर वाढतात, तेथे पीक घटलेले असते; म्हणून टँकरने पीक बुडविले, असे कोणताही मामलेदार लिहिणार नाही. दोहोंचे मूळ दुष्काळात असते. कर्कपेशीतही असे तिसरे कारण असू शकते.

नोंदवहीची तपासणीही अशीच उद्बोधक ठरली. २०१५ मध्ये बास्तियान फ्रॉम व सहकाऱ्यांनी सूक्ष्म-आरएनएंच्या जागतिक नोंदवहीतील माणसाच्या १,८८१ नोंदी निकष लावून पारखल्या. भक्कम पुरावा होता तो केवळ ५२३ नोंदींना. उरलेल्या नोंदींवरही अनेकांनी आपले हिशेब उभारले होते.

ह्या सावधपणाची किंमत रुग्णाला कळते. मिर-३४ ह्या सूक्ष्म-आरएनएची कृत्रिम प्रतिकृती कर्करोगावर औषध म्हणून देण्याची चाचणी २०१३ मध्ये सुरू झाली. प्रयोगशाळेतील पुरावा आशादायक होता. परंतु काही रुग्णांत प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रिया उमटल्या आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. एकच सूक्ष्म-आरएनए शेकडो जनुकांस हात लावतो. त्यास बाहेरून शरीरात सोडणे सोपे नाही. निदानाच्या बाजूस मात्र अधिक यश दिसते. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेतील संशोधकांनी मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा ह्या गाठीचे प्रकार सूक्ष्म-आरएनए व प्रथिन बनविणारी काही जनुके यांच्या मोजणीवरून ओळखण्याची चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली.

ॲम्ब्रॉस आणि रुव्हकुन यांस २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन कागद जुळल्यास तोवर बत्तीस वर्षे लोटली होती. ह्या काळात संगणकाने जे केले ते अफाट आहे: लक्षावधी जुळण्यांतून त्याने तपासण्याजोगी नावे पुढे आणली. परंतु ती चौकशीस पात्र नावांची यादी आहे, निकाल नव्हे. निकाल प्रयोगशाळेत आणि अखेर रुग्णशय्येपाशी लागतो. म्हणून अमुक रेणू कर्करोगाचे कारण असल्याचे संगणकाने शोधले, असे कोणी आपणांस सांगितले, तर वाचकांनी नम्रपणे एवढेच विचारावे की यादीतील किती नावे तपासली आणि त्यांतील किती खरी ठरली.