आंबोणातला अमोनिया

ही एका ठरावीक गोठ्याची हकिगत नाही. गाझीपूर, भलस्वा यांसारख्या दिल्लीच्या डेअरी वस्त्यांत कच्चं सोयाबीन आणि युरिया एकाच घमेल्यात पडले, तर गाय ज्या क्रमानं जाते, तो हा घटनाक्रम.

आदली संध्याकाळ, ७.००
गिरणीतल्या सोयापेंडीत ४४ ते ४८ टक्के प्रथिनं असतात. ती महाग, म्हणून मालकानं न भाजलेल्या सोयाबीनचा भरडा आणला आणि प्रथिनांची भर म्हणून वर अंदाजानं ओंजळभर युरिया टाकायचं ठरवलं. एरवी दोन्ही चालतात: सोयाबीन भाजून, युरिया मोजून आणि हळूहळू सवय लावून. सवय नसलेल्या ४०० किलोच्या गायीला दीडशे ग्रॅम युरियाही बाधू शकतो. त्यात कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज हे विकर युरियाचा झपाट्यानं अमोनिया करतं. भाजलं की ते निकामी होतं.

रात्री ८.००
गाय वाचवायची खरी वेळ ही. बाटलीत चमचाभर भरडा, चिमूटभर युरिया, थोडं कोमट पाणी. तोंडाशी हळदीचा ओला कागद लावून बूच घट्ट. वीसेक मिनिटांत पिवळा कागद लालसर झाला, म्हणजे अमोनिया सुटतोय; मग पोतं दुकानदाराला परत. फुकटात होणारी ही तपासणी सहसा कुणी करत नाही.

पहाटे ४.००
धारेची वेळ. रात्रभर उपाशी गाय घमेलं चाटूनपुसून रिकामं करते.

४.३०
तोंडाला फेस. दात खाते, कातडी थरथरते. अमोनिया रक्तात उतरलाय, यकृताला तो आवरत नाही. "गॅस धरलाय, तेल पाजा," शेजारी सांगतो. बाटलीनं पाजलेलं तेल अशा जनावराच्या फुफ्फुसात जाऊ शकतं.

५.००
डावी कूस टम्म. झोकांड्या, हंबरडा. नळीनं २० ते ४० लिटर गार पाणी आणि २ ते ६ लिटर व्हिनेगर कोठीपोटात गेलं, तर अजून आशा आहे. गारव्यानं युरिएज मंदावतं, आंबटपणामुळे अमोनिया रक्तात कमी शिरतो. पण नळी डॉक्टरकडे, व्हिनेगर बंद दुकानात. आणि जूनमध्ये दिल्लीच्या गच्चीवरल्या टाकीचं पाणी पहाटेही कोमटच.

५.४५
गाय आडवी, पाय झाडते.

६.१५
मेली. शवविच्छेदन लगेच झालं, तर कोठीपोट उघडताच अमोनियाचा वास येतो. उशीर झाला, तर ठळक खूण मिळेलच असं नाही. त्याच भरड्याचं आंबोण शेजारच्या गायींसाठी मिसळून ठेवलेलं आहे. ते आधी काढून घ्यावं, आणि किलोभर माल तपासणीसाठी बाजूला ठेवावा.