मॉर्मन तरुणांची परदेशातील धर्मसेवा

जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या मॉर्मन पंथाचे मुख्यालय आज अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. पंथातील सक्षम अविवाहित तरुणाने दोन वर्षे धर्मप्रचारास द्यावीत, अशी अपेक्षा असते. तरुणींसाठी ही सेवा ऐच्छिक असून तिचा काळ दीड वर्षाचा आहे. मुलांची किमान वयोमर्यादा २०१२ मध्ये १९ वरून १८ वर आली. विशीही न गाठलेल्या या मुलास 'एल्डर', म्हणजे ज्येष्ठ, असे संबोधतात, हे विशेष!

कोणत्या देशी जायचे, हे चर्च ठरवते. वेतन नसते, खर्चाचा भार बहुधा कुटुंब उचलते. प्रचारक सदैव जोडीने राहतात, आणि हा जोडीदारही नेमून दिलेला असतो. परक्या भाषेत दारोदार नकार ऐकण्यापेक्षा घराचा दुरावा अनेकांना अधिक जाचतो. पूर्वी घरी दूरध्वनी साधारणतः नाताळ आणि मातृदिन अशा दोनच दिवशी करता येई. २०१९ पासून तो दर आठवड्यास करण्याची मुभा मिळाली. मुदतीपूर्वी परतणाऱ्यास मात्र, कारण आजारपण असले तरी, स्वकीयांच्या कुजबुजीस अनेकदा तोंड द्यावे लागते.