‘कॉम्प्युटर’ : एका पदनामाचा अर्थपालट

‘कॉम्प्युटर’ हा इंग्रजी शब्द मुळात गणना करणाऱ्या माणसाचा वाचक होय. दुसऱ्या महायुद्धात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते करणाऱ्या स्त्रियांचे ते पदनामच होते. एका मार्गाच्या हातगणितास ३० तासांहून अधिक वेळ लागे. त्यांतील सहाजणींकडे ‘एनिॲक’ यंत्रावर गणिते बसविण्याचे काम आले. यंत्राचे आराखडे अभ्यासून, तारा व कळी जुळवीत त्यांनी ते आत्मसात केले. फेब्रुवारी १९४६ मधील जाहीर प्रात्यक्षिकाचे गणित बेटी जेनिंग्ज व बेटी स्नायडर यांनी बसविले होते. समारंभाच्या भोजनास मात्र त्यांना निमंत्रण नव्हते! पदनाम यंत्राकडे गेले, श्रेय यंत्रकर्त्यांकडे. मराठीत ‘संगणक’ शब्द रूढ झाला तो यंत्रवाचक म्हणूनच. हा अर्थपालट त्यात उमटलेला नाही. १९९७ साली सहाहीजणींचा गौरव झाला, तेव्हा रूथ लिख्टरमन हयात नव्हत्या.