लिहून ठेवलेली तान

हिंजवडीला मुलाकडे राहायला आल्यापासून पाश्चात्त्य संगीत ऐकायचा छंद लागला आहे. नाट्यसंगीतावर वाढलेल्या मास्तरला त्यात काय कळते, असे काही नातेवाइकांनी विचारले. म्हणून हे थोडेसे.

तसे हे संगीत आपल्याकडे नवे नाही. मेहली मेहता यांनी १९३५ सालीच मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव.

पियानो कॉन्चेर्टो म्हणजे एक पियानो आणि अख्खा वाद्यवृंद यांचा संवाद. मोझार्टच्या काळी पहिला भाग संपत आला की वाद्यवृंद थांबे आणि पियानोवादक एकटाच मनाला येईल ते वाजवी. या मोकळ्या जागेला 'कादेंझा' म्हणतात. आपला गवई तान घेऊन समेवर येतो, काहीसे तसेच.

मोझार्टने ११ फेब्रुवारी १७८५ रोजी व्हिएन्नात डी मायनरमधला कॉन्चेर्टो स्वतः वाजवला. त्याची सुरुवातच दबक्या, अस्वस्थ सुरांनी होते. पण त्या मोकळ्या जागेसाठी त्याने लिहिलेले काहीच आज हाती नाही. तान हवेत विरली. पुढे बीथोवनने त्या जागेसाठी आपली तान लिहिली. आजही अनेक वादक तीच वाजवतात.

बीथोवन तरुणपणी आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यासाठी गाजलेला. पण कान साथ सोडत गेले. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्नावर तोफा डागल्या. त्याच वर्षी त्याने पाचवा कॉन्चेर्टो रचला. हाच तो प्रसिद्ध 'एम्परर'. वाद्यवृंदाचा एकच भरदार नाद होतो आणि पियानो धबधब्यासारखा कोसळतो. शेवटी यायची ती तान आरंभीच! आणि कादेंझाच्या नेहमीच्या जागी स्पष्ट सूचना आहे, की इथे स्वतःचे काही वाजवू नये, सरळ पुढे जावे. आधीचे चारही कॉन्चेर्टो त्याने स्वतः लोकांपुढे वाजवले होते. हा मात्र लाइपझिगला २८ नोव्हेंबर १८११ रोजी फ्रीडरिश श्नायडरने वाजवला. रचना दुसऱ्याच्या हाती जाणार, म्हणून त्याने ते दार लावून घेतले असावे, असे मला वाटते.

आपल्याकडे पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी घराण्यांच्या बंदिशी जमवून स्वरलिपीत लिहिल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'त छापल्या. बंदिश कागदावर आली, पण ती फुलवायची कशी हे गवयावरच राहिले. दार उघडेच.

यात बरे कोणते? माझी आई जात्यावर ओव्या म्हणायची. काही तर तिथल्या तिथे जुळवायची. कुणी लिहून घेतल्या नाहीत. चाल अजून कानात आहे, शब्द मात्र गेले. त्यामुळे माझे मन बीथोवनकडे झुकते. पण मग वाटते, आईला कुणी ठरलेल्याच ओव्या म्हणायला लावल्या असत्या, तर ती म्हणाली असती का?

असो. तुमच्या घरात असे काही म्हणणारे कुणी असेल, तर आजच लिहून घ्या. आणि पुढच्याने त्यात आपली एक ओवी घातली, तर रागवू नका.