‘य’च्या पोटातील तिरकी रेघ : फाइलच्या नावाचा छोटा इतिहास

‘शेतकऱ्यांचा आसूड’ची स्कॅन केलेली प्रत त्याच नावाने साठवण्यात आज कोणाला नवल वाटणार नाही. मात्र १९९२ मधील एका संध्याकाळी वेगळा निर्णय झाला असता, तर हे नाव ‘य’पाशीच तुटले असते. आजचा धागा त्या ‘य’विषयी.

१९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतात एकूण १२८ जागा होत्या. पहिल्या आवृत्तीत इंग्रजीची लहान अक्षरेसुद्धा नव्हती. फ्रेंच ‘é’ किंवा जर्मन ‘ü’ यांना स्थान मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे प्रत्येक बाजारपेठेने उरलेल्या १२८ जागा आपापल्या परीने भरल्या. आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या तक्त्यात जिथे ग्रीक ‘Θ’ बसला, तिथेच विंडोजच्या पश्चिम युरोपीय तक्त्यात ‘é’ बसला. परिणामी एकाच बाइटची दोन यंत्रांवर दोन वाचने होऊ लागली. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसल्याने वाचक संदर्भावरून शब्द लावतो; यंत्राला ती सोय नाही.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि देवनागरीला स्वतःचा पट्टा मिळाला. त्यात ‘य’चा क्रमांक ०९२एफ. दोन बाइटांत लिहिला, तर पहिला ०९ आणि दुसरा २एफ. आता यूनिक्सचा नियम पाहा : फाइलच्या नावात कोणताही बाइट चालतो, अपवाद फक्त शून्याचा आणि फोल्डर वेगळे करणाऱ्या तिरक्या रेघेचा. त्या रेघेचा क्रमांक? २एफ! म्हणजे नावात ‘य’ आला की यंत्र तिथे नवा फोल्डर शोधू लागणार. (‘म’च्या पोटात तर पूर्णविराम आहे.) इंग्रजी नावांची स्थिती याहून वाईट होती, कारण त्यांच्या प्रत्येक अक्षराआधी शून्य बाइट येत होता.

सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, रॉब पाईक यांच्यासमवेत बसून, ताटाखालच्या कागदावर यावर तोडगा मांडला. हाच आजचा यूटीएफ-८. यात आस्कीबाहेरच्या अक्षराच्या कोणत्याही बाइटात आस्कीचा बाइट येऊच शकत नाही. ज्या प्रस्तावातून हे घडले, त्याच्या नावातच ‘फाइलप्रणालीसाठी सुरक्षित’ असा उल्लेख होता. जगभरच्या लिप्यांना आज सामावून घेणारा हा संकेत फाइलच्या नावांच्या अडचणीतून घडला, ही गोष्ट संगणकाच्या लोकप्रिय इतिहासांत फारशी येत नाही, याची खंत वाटते.

किंमत मात्र देवनागरीने मोजली. प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. लिनक्सच्या प्रचलित फाइलप्रणालीत नावाची मर्यादा २५५ बाइट, म्हणजे आपल्यासाठी ८५ चिन्हे.

खरा पेच ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये तो एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता असा फोडूनही. पडद्यावर दोन्ही सारखेच. १९९८ मधील ॲपलची एचएफएस प्लस ही प्रणाली अशी सर्व चिन्हे फोडूनच साठवत असे. लिनक्स फक्त बाइट पाहते. त्यामुळे ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द एका रूपात ३३ बाइटांचा, तर दुसऱ्यात ३६ बाइटांचा होतो. जुन्या मॅकवरून आणलेल्या फाइलला सूचीतील नाव जुळत नाही, आणि सॉफ्टवेअर ‘सापडत नाही’ असे सांगते. अभिलेखागारात याचा अर्थ गंभीर : जे सूचीवरून सापडत नाही, ते अभ्यासकासाठी नसल्यासारखेच. उपाय साधा आहे. तुलनेपूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणायची. २०१७ मध्ये मॅकवर आलेली एपीएफएस प्रणाली दिलेले रूप तसेच जपते, पण दोन्ही रूपांना एकच नाव मानते.

एवढे होऊनही आपोआप नावे तयार करणाऱ्या काही जुन्या प्रोग्रामांत देवनागरी अक्षर तक्त्यात सापडले नाही, की त्याजागी ‘?’ बसते. आणि विंडोजमध्ये फाइलच्या नावात ‘?’ला मनाई आहे, कारण ‘कोणतेही एक अक्षर’ या अर्थाने ते चिन्ह सत्तरच्या दशकातील सीपी/एमपासून राखीव आहे.