मौनाचा अर्थ : संगणकजाळ्यांची चाचपणी आणि जुन्नर-आंबेगाव परिसर

१

एखाद्या जाळ्यात कोणकोणते संगणक जोडलेले आहेत, त्यांपैकी कोणते जागे आहेत व त्यांची कोणती दारे उघडी आहेत, हे दुरून विचारून पाहण्याच्या क्रियेस 'स्कॅन' असे म्हणतात. मराठीत तिला 'चाचपणी' हा शब्द अधिक साजेसा आहे. कारण ही क्रिया डोळ्यांनी पाहण्याची नसून, अंधारात हात पुढे करून काय लागते ते ओळखण्याची आहे. ह्या क्रियेची साधने बहुतांशी कमांड लाइनवर चालणारी आहेत. चित्रे व बटणे ह्यांच्याऐवजी तेथे एक ओळ लिहावयाची असते. त्या ओळीची रचना आज्ञार्थी वाक्यासारखी असते : प्रथम साधनाचे नाव, म्हणजे क्रिया, नंतर ती कोणत्या रीतीने करावयाची हे सांगणारी क्रियाविशेषणे, आणि अखेर जिच्यावर ती करावयाची तो पत्ता, म्हणजे कर्म. लिहिलेली ओळ जपून ठेवता येते, दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी पुन्हा देता येते आणि दोन दिवसांची उत्तरे शेजारी ठेवून ताडून पाहता येतात. पडद्यावरील बटण दाबण्याच्या कृतीचा असा लेखी पुरावा सहसा मागे राहत नाही.

ह्या साधनांचा इतिहास सामान्यतः अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तो पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव ह्या दोन तालुक्यांत उभे राहून वाचला असता त्यातील एक प्रश्न विशेष स्पष्ट होतो. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर त्या मौनाचा अर्थ काय लावावयाचा, हा तो प्रश्न होय.

२

हा परिसर दळणवळणाच्या इतिहासाला नवा नाही. कल्याण व सोपारा ह्या बंदरांकडून देशावर येणारा माल नाणेघाट चढून जुन्नरला येत असे. घाटमाथ्यावरील दगडी रांजण हा जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. जवळच्या लेण्यातील सातवाहनकालीन प्रसिद्ध शिलालेख मात्र यज्ञ व दाने ह्यांविषयी बोलतो.

विसाव्या शतकात ह्याच तालुक्यात दळणवळणाची दोन अगदी वेगळी केंद्रे उभी राहिली. १९७१ साली नारायणगावजवळील आर्वी येथे 'विक्रम' उपग्रह भू-केंद्र सुरू झाले. परदेशांशी दूरध्वनी, तारा व दूरचित्रवाणी ह्यांची देवाणघेवाण इन्टेलसॅटच्या उपग्रहामार्फत करण्यासाठी ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसने ते उभारले होते. ह्या खात्याचा कारभार १९८६ साली विदेश संचार निगमाकडे गेला आणि त्याच निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी भारतात इंटरनेट खुले केले. दरम्यान, १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पाने मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था व आयआयटी ह्या संस्थांचे संगणक परस्परांशी जोडण्यास आरंभ केला होता.

दुसरे केंद्र खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने ती उभारली व २००१ साली तिचे राष्ट्रार्पण झाले. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना तिच्यात आहेत. त्यांपैकी १४ मध्यवर्ती भागात असून उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराच्या तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. प्रत्येक अँटेना प्रकाशतंतूने मध्यवर्ती इमारतीशी जोडलेली आहे. आज्ञा त्या वाटेने जातात, संकेत त्याच वाटेने परत येतात. कांदा, टोमॅटो व उसाच्या शेतांमधून पसरलेले असे जाळे समोर असले, म्हणजे 'कोण जागे आहे' हा प्रश्न केवळ पाठ्यपुस्तकातील राहत नाही.

३

अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे १ जानेवारी १९८३ रोजी टीसीपी-आयपी ह्या नियमावलीवर आले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मेरीलँडमधील सैनिकी प्रयोगशाळेत काम करणारे माइक म्यूस ह्यांनी जाळ्यातील एक दोष शोधताना एक लहानसे साधन लिहिले. पाणबुडीचा ठाव घेणाऱ्या सोनारच्या ध्वनीवरून त्यांनी त्याला 'पिंग' हे नाव दिले. एका संगणकाने दुसऱ्याला एक छोटे पॅकेट पाठवावयाचे, दुसऱ्याने ते तसेच परत करावयाचे आणि जाऊन येण्यास किती वेळ लागला ते मोजावयाचे, एवढेच त्याचे कार्य. हाक व ओ ह्यांपलीकडे त्यात काही नाही.

१९८७ साली व्हॅन जेकबसन ह्यांनी 'ट्रेसरूट' हे साधन रचले. प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो व वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्यावर आला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसे पाठवणाऱ्यास कळवतो. पॅकेटे अनंतकाळ फिरत राहू नयेत म्हणून केलेला हा नियम. जेकबसन ह्यांनी पहिल्या पॅकेटावर १, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर ३ असे आकडे घातले. त्यामुळे वाटेतील पहिला, दुसरा, तिसरा असे राउटर क्रमाने आपली ओळख देऊ लागले. नकाराच्या निरोपांमधून वाटेचा नकाशा तयार झाला.

ही दोन्ही साधने दुरुस्तीच्या गरजेतून जन्मली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९८८ च्या नोव्हेंबरात मॉरिस नावाच्या कृमीने हजारो संगणक निकामी केले, तेव्हापासून हाच प्रश्न संशयाच्या स्वरात विचारला जाऊ लागला. १९९५ साली डॅन फार्मर व वित्से व्हेनेमा ह्यांनी दूरच्या यंत्रांतील उणिवा शोधणारे 'सेटन' हे साधन सर्वांसाठी खुले केले, तेव्हा ते चोरांच्या हाती दिलेले कंदील आहे की घरधन्याच्या, असा मोठा वाद झाला. १ सप्टेंबर १९९७ रोजी 'फ्रॅक' ह्या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात गॉर्डन लायन ह्यांनी फ्योदोर ह्या टोपणनावाने 'एनमॅप' प्रसिद्ध केले. चाचपणीचे प्रमुख साधन म्हणून त्याचे स्थान आजही कायम आहे.

४

एनमॅपचे कार्य समजण्यासाठी 'पोर्ट' ही संज्ञा समजली पाहिजे. प्रत्येक संगणकाला एक पत्ता असतो. त्या पत्त्यावर ० ते ६५,५३५ असे क्रमांक दिलेली पोर्टे असतात. २२ क्रमांकावर दुरून सुरक्षित प्रवेश देणारी सेवा, २५ वर टपाल, ८० वर वेब-पाने अशी वाटणी रूढ आहे. लॅटिनमध्ये 'पोर्टुस' म्हणजे बंदर व 'पोर्टा' म्हणजे वेस असे दोन निराळे, परंतु सगोत्र शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंचे रूप एकच झाले. मराठी वाचकाने येथे बंदरापेक्षा वेशीची कल्पना करावी. गाव एक, पण वेशी अनेक, आणि प्रत्येक वेशीतून आत येणाऱ्याचे काम निराळे.

टीसीपी ह्या रीतीने संभाषण सुरू करताना तीन पावले असतात : पहिला 'बोलू का?' असे विचारतो, दुसरा 'बोला, मीही बोलतो' असे म्हणतो, पहिला 'ठीक' म्हणतो. एनमॅपची प्रचलित पद्धत पहिला प्रश्न विचारून थांबण्याची आहे. होकार आला तर पोर्ट उघडे. स्पष्ट नकार आला तर पोर्ट बंद, परंतु यंत्र जागे. आणि काहीच आले नाही तर मध्ये कोणी पहारेकरी पॅकेट अडवीत असावा, असे अनुमान. अशा पोर्टाला एनमॅप 'फिल्टर्ड' म्हणतो.

यूडीपी ह्या दुसऱ्या रीतीत मात्र हा अर्थ पालटतो. तेथे संभाषणापूर्वी परवानगी मागण्याची प्रथाच नाही. बंद पोर्टावर पॅकेट गेले तर यंत्र 'येथे कोणी नाही' असा निरोप पाठवते. उघड्या पोर्टावरील सेवेला प्रश्न कळला नाही तर ती पुष्कळदा गप्प राहते. म्हणजे एका रीतीत मौन हे पहाऱ्याचे लक्षण, तर दुसऱ्या रीतीत तेच मौन दार उघडे असल्याचेही लक्षण असू शकते. म्हणून एनमॅप तेथे 'उघडे अथवा फिल्टर्ड' असा संदिग्ध शेरा देतो. आणि हा प्रामाणिकपणा त्याचा गुण मानला पाहिजे.

आणखी एक भेद आहे. दुरून आलेल्या हाकेला यंत्र उत्तर नाकारू शकते. परंतु एकाच स्थानिक जाळ्यातील शेजाऱ्याने 'हा पत्ता कोणाचा?' असे एआरपी ह्या रीतीने विचारले तर त्याला सहसा बोलावेच लागते, नाहीतर त्याच्याकडे काहीच पोहोचणार नाही. परक्याशी अबोला शक्य आहे, शेजाऱ्याशी नाही. ह्यावरून चाचपणीचे उत्तर जसे विचारलेल्या यंत्रावर, तसेच विचारणाऱ्याच्या जागेवरही अवलंबून असते, हे सिद्ध होते.

५

आता पुन्हा ह्या परिसराकडे वळू. नाणेघाटच्या लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा आज नष्टप्राय आहेत. परंतु सिमुक, नायनिका, श्री सातकर्णी इत्यादी नावे वरच्या बाजूस वाचता येतात. आंबेगाव तालुक्यातील उदाहरण याहून जवळच्या काळातील आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे. गाव पाण्याखाली, नाव मात्र प्रत्येक सरकारी कागदावर.

संगणकजाळ्याच्या नोंदवहीची अवस्था अशीच असते. जुन्या यंत्राचे नाव यादीत राहते, यंत्र केव्हाच काढून टाकलेले असते. उलट कोणी सोयीसाठी जोडलेले नवे उपकरण यादीत कधी येतच नाही. यादी सांगते ती हेतूची गोष्ट, चाचपणी सांगते ती वस्तुस्थितीची. धोका बहुधा ह्या दोहोंतील अंतरात असतो. १२ मे २०१७ रोजी जगभर पसरलेला वॉनाक्राय हा कृमी ४४५ क्रमांकाच्या पोर्टातून शिरत होता. ते पोर्ट आपल्याकडे कोठे उघडे आहे, हे ज्यांना आधी ठाऊक होते त्यांना वेळेवर ते बंद करता आले.

खोडदसारख्या ठिकाणी अशा यादीला दुहेरी महत्त्व येते. ही दुर्बीण १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या रेडिओलहरी ऐकते आणि आकाशातून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. प्रत्येक संगणकीय उपकरणाच्या मंडलांतून थोडाफार रेडिओगोंगाट बाहेर पडतो. म्हणून यादीबाहेरचे उपकरण तेथे केवळ जाळ्याच्या सुरक्षिततेतील छिद्र ठरत नाही, तर निरीक्षणातील कलंकही ठरू शकते. येथेच विचारणारे साधन व ऐकणारे साधन ह्यांतील फरक दिसतो. पिंगला उत्तर न देणारे उपकरण चाचपणीच्या दृष्टीने नसल्यासारखेच. रेडिओग्राहकाच्या दृष्टीने मात्र ते बोलतच असते. जाळ्यातील मौन म्हणजे अस्तित्वाचा अभाव नव्हे, ह्याला याहून स्वच्छ दाखला मिळणे कठीण.

ह्याच ठिकाणी चाचपणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. यंत्रे चालविणारे लहान व जुने नियंत्रक संगणक अनोळखी प्रश्नांच्या माऱ्याने अडखळतात, क्वचित बंदही पडतात. कारखान्यांच्या जाळ्यांत हा अनुभव सुपरिचित आहे. कार्यालयातील संगणक अडखळला तर तो पुन्हा सुरू करता येतो. जेथे संगणकाच्या आज्ञेने टनावारी वजनाचे यंत्र फिरत असते तेथे तीच चूक परवडत नाही. म्हणून अशा जाळ्यात प्रश्न थोडे, सावकाश व यंत्र विश्रांतीत असतानाच विचारावेत, हा नियम होय. विचारणे ही निरुपद्रवी क्रिया आहे, हा समज टिकणारा नाही.

६

२०१३ साली मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'झेडमॅप' हे साधन प्रसिद्ध केले. जुन्या पद्धतीच्या चारशे कोटींहून अधिक इंटरनेट-पत्त्यांवरील एक पोर्ट एका संगणकावरून पाऊण तासाच्या आत विचारून पाहणे त्याने शक्य केले. १९८३ साली एका यंत्राला घातलेली हाक तीस वर्षांत साऱ्या जगाची हजेरी घेऊ लागली. तथापि १२८ बिटांच्या नव्या पत्त्यांची संख्या इतकी अफाट आहे, की तेथे दारोदार फिरून विचारणे अशक्य ठरते. चाचपणी करणाऱ्याला पुन्हा नावांच्या यादीकडे, म्हणजे नोंदवहीकडे वळावे लागते. ज्या यादीवर अविश्वास म्हणून चाचपणी जन्मली, तिचाच आधार तिला घ्यावा लागावा, हा ह्या इतिहासातील लक्षणीय वळसा आहे.

कायद्याची बाजूही ह्या विवेचनाशी सुसंगत आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे, २००० चे कलम ४३ संगणकजाळ्याच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून केलेल्या प्रवेशास दायित्व लावते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा होतो. कमांड लाइनवरील ओळ दोन्ही प्रसंगी अक्षरशः एकच असू शकते. स्वतःच्या वाड्याच्या कड्या रात्री फिरून पाहणारा व दुसऱ्याच्या वाड्याच्या कड्या हलवून पाहणारा ह्यांचे हात सारखेच हलतात. भेद परवानगीत आहे, आणि परवानगी त्या ओळीत कोठेही लिहिलेली नसते. ती ओळीबाहेर, कागदावर व सहीनिशी असावी लागते.

तात्पर्य, चाचपणीची विद्या ही मूलतः प्रश्न विचारण्याची विद्या आहे. तिचा अभ्यास करणाऱ्याने होकार व नकार ह्यांपेक्षा मौनाकडे अधिक लक्ष द्यावे. ते मौन पहारेकऱ्याचे आहे, थकलेल्या यंत्राचे आहे, प्रश्न न कळल्याचे आहे, की खरोखरच तेथे कोणी नाही म्हणून आहे, हे ठरविल्यावाचून 'काही सापडले नाही' असा निष्कर्ष लिहू नये. डिंभ्याच्या जलाशयाकडे पाहून तेथे कधी गाव नव्हते असे म्हणणाऱ्याइतकाच तो निष्कर्ष चुकीचा ठरेल.