नदी वळली की हद्द कुठं?

सीनाकाठचे पाहुणे विचारतात, नदीनं रानातून नवी वाट पाडली, ती बुजवावी का? त्यावर जरा मागचा इतिहास लिहितो.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला जो पूर आला तो सगळ्यांनी पाहिला. लांबोटीजवळ पुणे-सोलापूर महामार्ग बंद ठेवावा लागला. पाणी ओसरल्यावर खरं दुखणं कळलं. पिकं तर गेलीच, पण माती खरडून खाली मुरूम उघडा पडला. वळणावर नदीनं सरळ रानातून ओघळ पाडला, एकाचा काठ ढासळला आणि पलीकडच्याच्या रानात वाळू-गाळ येऊन बसला. पीक पुढच्या वर्षी येतं, माती येत नाही.

आपल्या खोऱ्यात हे दुखणं नवं नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांचा दगडमातीचा बांध आणि त्यालगतचा पाट सापडला. पुराचं पाणी वस्तीपासून वळवायचं आणि तेच रानाला द्यायचं, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. नदी अडवली नव्हती, जादा पाण्याला वाट करून दिली होती. हीच घोड पुढं भीमेला मिळते आणि ते पाणी आमच्या उजनीत येतं. (आमच्या भीमेचं जुनं पात्र पुरानं नाही, १९८० साली धरणानंच गिळलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की पळसदेवचं देऊळ दिसतं, तेवढीच खूण.)

उलटं उदाहरण बिहारच्या कोसीचं. पन्नास-साठच्या दशकात दोन्ही बाजूंनी लांबच लांब तटबंध घातले. हिमालयातला गाळ बाहेर पसरायचा बंद झाला, तो आतच साठला आणि पात्र वर आलं. १८ ऑगस्ट २००८ ला नेपाळात कुसहा इथं तटबंध फुटला. त्या दिवशी पाणी दीड लाख क्युसेकच्या आतच होतं, तटबंध तर साडेनऊ लाखांच्या हिशेबानं बांधलेले! नदी आपल्या जुन्या वाटांनी निघाली. तीस लाखांवर लोकांना झळ बसली. पुढच्या वर्षी भगदाड बुजवून नदी परत आत नेली, पण मागं राहिलेली वाळू शेतकऱ्याच्याच वाट्याला.

आता हद्दीचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. काठाला नवी मळई तयार झाली तर काठावरच्या खातेदाराला ती तात्पुरती वापरता येते, पण एक एकरापर्यंतच. त्यापुढं गेली की ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. नदीनं तोडून नेलेल्या जमिनीचा शेतसारा कमी करून मिळण्याचीही तरतूद आहे. म्हणजे सारा माफ, जमीन गेली ती गेलीच! ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंत जाहीर झाले. मातीचं डंपरभाडं ज्यानं दिलंय त्याला विचारा, ते किती पुरतं.

म्हणून पाहुण्यांना माझं सांगणं असं. पोकलेन लावायच्या आधी मोजणीचा अर्ज करा, पंचनाम्याची नक्कल घ्या, फोटो काढून ठेवा. एकदा ओघळ बुजला की नदी कुठून गेली होती हे सांगायला पुरावा राहत नाही. आणि एकट्यानं भराव घालू नका. तुमच्या भरावानं पाणी समोरच्या काठावर आदळणार, मग तो तुमच्यापेक्षा उंच भराव घालणार. दोन्ही थडींची माणसं एकत्र बसवून, पाटबंधारेच्या माणसाला जागेवर आणून मगच ठरवा. वळणाच्या आतल्या बाजूचा गाळ उपसून पात्र मोकळं होत असेल तर आधी ते करा. तीच माती खरडलेल्या रानात टाकता येते, फक्त तहसीलची परवानगी हातात असू द्या.

ज्यांची मोजणी झालीय त्यांनी किती दिवस लागले ते खाली लिहा.